इंग्लंडमध्ये शाळेत संगीत शिकवायचंय? आधी दहावीचं गुणपत्रक शोधा

गाणं येतं, विशारद झालंय, घरी दहा-बारा मुलं शिकायला येतात, आणि तरी अर्ज पहिल्याच चाळणीत परत येतो. इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी गायक-वादकांकडून हे इतक्या वेळा ऐकलंय की आता कुणी सल्ला विचारला की मी गाण्याबद्दल नंतर बोलते. आधी दहावीचं गुणपत्रक कुठे आहे ते विचारते.

पण त्याही आधी दोन नावांचा घोळ निस्तरायला हवा. इथे ‘पात्र शिक्षक’ हा दर्जा म्हणजे क्यूटीएस. पीजीसीई ही पदव्युत्तर पातळीवरची शैक्षणिक पात्रता. एका वर्षाच्या नेहमीच्या अभ्यासक्रमात बहुधा दोन्ही मिळतात, म्हणून लोकांना ती एकच वाटतात. मात्र घरबसल्या करता येणाऱ्या, नावात ‘इंटरनॅशनल’ असलेल्या बऱ्याच पीजीसीईंमधून क्यूटीएस मिळत नाही. हजारो पौंड भरून झाल्यावर हे कळलेली माणसं मी पाहिली आहेत. अभ्यासक्रमाच्या माहितीत ‘क्यूटीएससह’ असं स्पष्ट लिहिलेलं नसेल, तर पैसे भरू नका. स्कॉटलंड आणि वेल्सचे नियम वेगळे आहेत. इथे लिहिलेलं सगळं फक्त इंग्लंडपुरतं.

आता विशारदबद्दल. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं विशारद मिळवायला किती वर्षांचा रियाज लागतो हे आपल्याला माहीत आहे, पण इथे ते एकटं विद्यापीठाच्या पदवीची जागा घेत नाही. प्रवेशासाठी ब्रिटिश बॅचलर पदवीच्या तोडीची पदवी लागते. याची दुसरी बाजू फार कमी जणांना ठाऊक असते: पदवी संगीताचीच हवी असा सरसकट नियम नाही. बीकॉम आणि विशारद असलेल्या कितीतरी बायका ‘माझी पदवी कॉमर्सची’ म्हणून अर्जच करत नाहीत. कृपा करून असं स्वतःला बाद करू नका. पदवीची अट बीकॉमने पूर्ण होऊ शकते, आणि संगीताचं ज्ञान विशारद, मैफली आणि शिकवण्याचा अनुभव यांवरून दाखवता येतं. ते पुरेसं आहे की नाही हे प्रशिक्षण देणारी संस्था ठरवते, म्हणून अर्जाआधी तिला ईमेल करा. सोबत विशारदचा अभ्यासक्रम थोडक्यात इंग्रजीत लिहून जोडा. ‘विशारद’ हा शब्द वाचून समोरच्याला काहीच बोध होत नाही. किती वर्षं, किती परीक्षा, प्रात्यक्षिक किती आणि शास्त्र किती, हे सांगावं लागतं. प्रमाणपत्र देवनागरीत असेल, तर अधिकृत भाषांतरही लागेल.

आणि आता ते गुणपत्रक. माध्यमिक शाळेत शिकवायचं तर इंग्रजी आणि गणितात जीसीएसईच्या, म्हणजे इथल्या साधारण दहावीसारख्या शालेय परीक्षेच्या, ग्रेड ४ एवढी पातळी दाखवावी लागते. प्राथमिकसाठी विज्ञानही. एमए झालेल्या माणसाला दहावीचं गणित का विचारता, हा प्रश्न रास्त आहे, आणि मीही तो तावातावाने विचारून पाहिला आहे. उपयोग होत नाही. परदेशी पात्रता ब्रिटिश पात्रतेशी ताडून पाहणाऱ्या यूके ईनिककडून पदवी आणि दहावी दोन्हींसाठी समकक्षतेचं पत्र घ्या. मराठी माध्यमातून शिकलेल्यांचं घोडं बहुतेकदा इंग्रजीपाशी अडतं. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा व्हिसासाठी उपयोगी पडेल, पण जीसीएसईच्या जागी ती चालेलच असं नाही. काही संस्था स्वतंत्र समकक्षता परीक्षा मान्य करतात, काही करत नाहीत. ज्या संस्थेत अर्ज करणार तिलाच विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.

गुणपत्रक हरवलं असेल, तर दुसरी प्रत ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली तिथून काढावी लागते. गावाकडे जाणार असाल, तर त्या सुट्टीतलं पहिलं काम हेच ठेवा. लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांनी तर आधी सगळी कागदपत्रं शेजारी-शेजारी ठेवून बघावीत. दहावीवर माहेरचं आडनाव पहिलं, मग नाव, मग वडिलांचं नाव; पासपोर्टवर सासरचं आडनाव, कधी नावसुद्धा वेगळं. आपल्याला ती एकच बाई दिसते, पण तपासणाऱ्या कारकुनाला तिथे दोन बायका दिसतात. विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नोंद, आणि तिचं इंग्रजी भाषांतर, पहिल्याच दिवशी जोडून टाका.

भारतातलं बीएड आणि शाळेतला अनुभव असेल तर थेट क्यूटीएस मिळते, असं बरेच जण ऐकून येतात. ही बातमी अर्धीच खरी आहे. २०२३ मध्ये भारतासह नऊ ठिकाणच्या शिक्षकांना ही वाट खुली झाली, पण भारतातल्या शिक्षकांपैकी ती फक्त गणित, विज्ञान आणि भाषा शिकवणाऱ्यांसाठी होती. संगीत त्यात नव्हतं.

फीचा धक्काही आधीच पचवलेला बरा. २०२५-२६ साठी स्थानिक विद्यार्थ्यांची कमाल फी ९,५३५ पौंड होती. परदेशी विद्यार्थ्यांची फी याहून बरीच जास्त असते. नवरा किंवा बायको इथे नोकरीच्या व्हिसावर आणि तुम्ही डिपेंडंट म्हणून राहत असाल, तर शिकायला मुभा आहे, पण फीच्या हिशोबात साधारणपणे तुम्ही परदेशीच. ‘आम्ही इथे कर भरतो’ हे तिथे चालत नाही. कायम वास्तव्याचा परवाना मिळायला वर्षभरच उरलं असेल, तर थांबण्याचा विचार जरूर करा. भारतातून व्हिसा काढून येणार असाल, तर आधी संस्था व्हिसा प्रायोजित करते का ते बघा. सगळ्या करत नाहीत.

अर्ज शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर ऑक्टोबरपासून भरता येतो. एका वेळी चार पर्याय देता येतात, दोन संदर्भदाते लागतात. तिथे दिसणारी शेवटची तारीख उन्हाळ्यानंतरची असते, आणि लोक नेमके तिथेच फसतात. जागा भरल्या की अभ्यासक्रम बंद होतो, तारीख काहीही असो. व्हिसा लागणाऱ्यांना तर आणखी आधी आटपावं लागतं. दिवाळीचा फराळ संपेपर्यंत अर्ज गेलेला असावा, असं मी सांगते.

निवड झाल्यावर डीबीएस, म्हणजे गुन्हेगारी नोंदींची, तपासणी होते, पण ती ब्रिटनपुरती. भारतात राहिलेल्यांकडून तिथला पोलीस दाखलाही मागितला जातो. इथे राहणाऱ्यांना तो भारतीय उच्चायुक्तालयामार्फत काढता येतो. त्याला वेळ लागतो, हे लक्षात ठेवा.

मुलाखतीत गायला किंवा वाजवायला सांगतात आणि बहुधा छोटा पाठही घ्यायला लावतात. आपली माणसं इथे दोन कारणांनी मागे पडतात. एक, पाश्चात्य स्वरलिपी. ११ ते १४ वयाच्या मुलांच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात तिचा नावानिशी उल्लेख आहे, तेव्हा निदान सोपी ओळ वाचून कीबोर्डवर वाजवता आली पाहिजे. सहा महिने रोज अर्धा तास दिला तर जमतं. दुसरं, आपली गुरूसमोर बसून एकेकट्याने शिकण्याची सवय. वर्गात तीस मुलं असतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी संगीत हौसेने निवडलेलं नसतं. तिथे बडा ख्याल मांडू नका. आणि आपलं संगीत लपवूही नका: २०२१ च्या आदर्श संगीत अभ्यासक्रमात ऐकण्यासाठी दिलेल्या कलाकारांत किशोरी आमोणकर आहेत. तीनताल घ्या, सम, टाळी आणि खाली मुलांच्या हातांवर आणा, मग अर्ध्या वर्गाला ठेक्याचे बोल म्हणायला लावा आणि अर्ध्याला त्यावर चार स्वरांची ओळ गायला सांगा. दहा मिनिटांत एवढं झालं, तर समोर बसलेल्यांना विशारद म्हणजे काय ते कळतं.