नेमबाजीतील स्पॉटिंग स्कोप

स्पॉटिंग स्कोप : नेमबाजाने झाडलेली गोळी लक्ष्यावर नेमकी कुठे लागली, हे जागा न सोडता पाहण्यासाठी वापरली जाणारी एकनळी दुर्बीण. हिच्यातून प्रतिमा सुलट दिसते, ती स्टँडवर किंवा ट्रायपॉडवर बसवतात आणि तिचे वर्धन साधारणपणे १५ ते ६० पट असते. पक्षिनिरीक्षक आणि धनुर्धरही हीच दुर्बीण वापरतात. मराठीत तिला निरीक्षण दुर्बीण म्हणता येईल, पण रेंजवर सगळे ‘स्कोप’ एवढेच म्हणतात आणि त्यातून नवख्याचा घोटाळा होतो. रायफलवर बसवायची टेलिस्कोपिक साइट ही वेगळी वस्तू. तिच्यात नेम धरण्यासाठी फुली असते, ऑलिंपिकमधल्या रायफल प्रकारांत ती चालत नाही, आणि तिच्यातून नुसते पाहायचे म्हटले तरी बंदूकच त्या दिशेला रोखावी लागते. स्पॉटिंग स्कोप बंदुकीपासून अलग राहतो. तो शस्त्राचा भाग नव्हे.

पुण्यात या साधनाची गरज मुख्यतः ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल खेळणाऱ्यांना पडते. १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी म्हाळुंगे-बालेवाडी येथे श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभे राहिले, तेव्हापासून तिथली रेंज हे शहरातल्या नेमबाजीचे मुख्य ठिकाण आहे. २००८च्या राष्ट्रकुल युवा स्पर्धाही पुण्यात झाल्या. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमधील कांस्यपदकविजेते गगन नारंग यांची अकादमी पुण्यातच सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे बालेवाडीत सराव करत घडले आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये त्यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजी) कांस्यपदक मिळवले. या प्रकारात ऑलिंपिक पदक मिळवणारे ते पहिले भारतीय. मोठ्या स्पर्धांत आता इलेक्ट्रॉनिक लक्ष्ये असतात आणि गोळीची खूण नेमबाजाशेजारच्या पडद्यावर उमटते. कागदी लक्ष्यावर सराव करणाऱ्याला मात्र स्कोपवाचून गत्यंतर नाही. आणि पडदा समोर असला तरी वारा वाचायला स्कोप लागतोच.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी, कारण तिच्यापायी पालकांचे पैसे वाया जातात. १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तूल शिकणाऱ्या मुलाला स्पॉटिंग स्कोप लागत नाही. १० मीटरच्या स्पर्धेत त्याला परवानगीही नसते. तिथे लक्ष्याचा कागद चेंजरवरून, म्हणजे लक्ष्य मागेपुढे नेणाऱ्या यंत्रावरून, हातात येतो किंवा खूण पडद्यावर दिसते. तेवढे पैसे मुलाच्या जॅकेटला किंवा पेलेटला खर्चावेत.

*किती पट पुरते.* ५० मीटर रायफलच्या लक्ष्यावरील काळ्या गोलाचा व्यास ११२.४ मिमी, त्यातील दहाच्या वर्तुळाचा १०.४ मिमी, आणि पॉइंट टू-टू गोळीचे भोक सुमारे ५.६ मिमी. निरोगी डोळ्याला साधारण एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा तपशील वेगळा दिसतो. ५० मीटरवर ही एक कला सुमारे १४.५ मिमी भरते. गोळीचे भोक तिच्या निम्म्याहून लहान, म्हणून नुसत्या डोळ्याला काळ्यावर काहीच दिसत नाही. २० पट वर्धनाने तेच लक्ष्य जणू अडीच मीटरवर येते. स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभे राहून समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख वाचावी, इतके ते सोपे होते. म्हणजे ५० मीटरसाठी २० ते २५ पट भरपूर झाले. २५ मीटर पिस्तुलासाठी १५ पटही चालते. ३०० मीटरच्या मोठ्या बोअरच्या, म्हणजे जाड गोळीच्या, रायफलला ३० ते ४० पट हवे आणि तिथे स्वस्त दुर्बिणी खरोखर कमी पडतात.

असे असूनही दुकानातले खोके ‘२०-६०×८०’ (२० ते ६० पट वर्धन, ८० मिमीचे पुढचे भिंग) असे आकडे मिरवते आणि गिऱ्हाईक ६० या आकड्याला भुलते. या लेखनाचा सगळा भर इथेच आहे : स्वस्त स्कोपमध्ये मोठे वर्धन हे फक्त खोक्यावर असते. वस्तुभिंगाच्या, म्हणजे पुढच्या मोठ्या भिंगाच्या, व्यासाला वर्धनाने भागले की नेत्रिकेतून, म्हणजे डोळ्याकडच्या भिंगातून, बाहेर पडणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ६० मिमीचे भिंग २० पटीवर ३ मिमीचा झोत देते. भर उन्हात डोळ्याची बाहुली २ ते ३ मिमीच उघडी असते, तेव्हा एवढा झोत पुरेपूर झाला. तोच स्कोप ६० पटीवर नेला की झोत १ मिमी उरतो, प्रतिमेचा उजेड नवव्या हिश्श्यावर येतो आणि आपल्याच डोळ्यातले तरंगते ठिपके लक्ष्यावर फिरताना दिसू लागतात. शिवाय दृश्यक्षेत्र आकसते, आपल्या लेनऐवजी शेजारच्याचे लक्ष्य दिसते, आणि बोट लागले तरी चित्र थरथरते. त्यात एप्रिल-मे महिन्यांत तापलेल्या जमिनीवरची हवा अशी उकळत असते की ४० पटीच्या पुढे भोक मोठे होत नाही, फक्त त्याचा धूर होतो. म्हणून झूम नेत्रिका असली तरी ती खालच्या टोकाला ठेवून वापरावी. २० किंवा २५ पटीची स्थिर नेत्रिका मिळाली तर ती सरस. तिच्यात भिंगे कमी, दृश्यक्षेत्र मोठे आणि त्याच पैशात चित्र अधिक स्वच्छ मिळते.

*भिंग आणि लोलक.* उजेडी रेंजवर ५० मीटरसाठी ६० ते ६५ मिमी व्यासाचे वस्तुभिंग पुरते. ८० मिमीचा स्कोप वाईट नसतो, पण तो जड असतो, त्याला दणकट स्टँड लागतो, आणि त्याच किमतीतल्या ६० मिमीच्या स्कोपात बहुधा काच बरी मिळते. प्रतिमा सुलट करणारे लोलक बीके-७ किंवा बीएके-४ काचेचे असतात, दुसरे चांगले. भिंगांवरचा लेप ‘फुली मल्टिकोटेड’ असेल तर प्रत्येक पृष्ठभागावर अनेक थर दिलेले असतात. नुसते ‘कोटेड’ म्हटले असेल तर त्याला फारसा अर्थ नाही. ईडी काच काळ्या-पांढऱ्याच्या सीमेवरची जांभळी किनार कमी करते, पण तिची किंमत मोजावी लागते आणि २० पटीवर तिच्यावाचून अडत नाही.

लोलक उजेड कापतो आहे का, हे दुकानात दोन सेकंदांत कळते. स्कोप उजेडाकडे रोखायचा, सूर्याकडे मात्र कधीही नाही, आणि डोळा नेत्रिकेपासून हातभर मागे न्यायचा. नेत्रिकेत उजेडाची लहान टिकली तरंगताना दिसते. ती वाटोळी आणि कडेपर्यंत सारखी उजळ असेल तर ठीक. तिच्या कडा करड्या पडून ती चौकोनाकडे झुकत असेल, तर आत उजेड अडतो आहे.

*तिरकी की सरळ.* नेमबाजासाठी ४५ अंशांत वळलेली नेत्रिका घ्यावी, याबद्दल दुमत असू नये. प्रोनमध्ये पालथे पडलेला माणूस रायफल खांद्यावरून न काढता डोके जरासे कलवतो आणि त्याला नेत्रिका तिथेच सापडावी लागते. सरळ नळीसाठी मान वाकवली की कोपर हलते, स्लिंगचा (दंडाला बांधलेल्या रायफलच्या पट्ट्याचा) ताण बदलतो, आणि मांडलेली सगळी पोझिशन पुन्हा बांधावी लागते. चष्मा लावणाऱ्याने डोळा नेत्रिकेपासून १५ मिमी दूर असतानाही पूर्ण गोल दिसतो का ते पाहावे, तेही घरच्या चष्म्याने नव्हे, शूटिंगच्या फ्रेमने.

*स्टँड.* स्कोपाइतकेच पैसे स्टँडवर गेले तरी ते वाया जात नाहीत. फोटोचा हलका ट्रायपॉड दोन्हीकडून फसवतो : प्रोनसाठी तो पुरेसा खाली येत नाही आणि उभ्या पोझिशनला पूर्ण उंच केला की डुलतो. थ्री पोझिशन्समध्ये आधी नीलिंग (गुडघ्यावर), मग प्रोन, मग स्टँडिंग असा क्रम असतो. प्रत्येक वेळी स्कोपाची उंची बदलते आणि घड्याळ थांबत नाही. जड बैठक, त्यावर उभा दांडा आणि दांड्यावर वरखाली सरकणारा चाप, ही रचना उत्तम. तयार परदेशी स्टँड परवडत नसेल तर पुण्याजवळच्या भोसरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये लोखंडी पाटाची बैठक, स्टीलचा दांडा आणि पिळाचा चाप करून घेता येतो. स्कोपाच्या पायाला बहुधा कॅमेऱ्यासारखे पाव इंची आटे असतात. त्या मापाचा बोल्ट सोबत न्यावा. फक्त प्रोन खेळणाऱ्याला टेबलावर ठेवायचा बुटका ट्रायपॉडही पुरतो.

*खरेदी.* स्वारोव्स्की आणि कोवा यांच्या वरच्या श्रेणीतील दुर्बिणींची किंमत लाखांत जाते. त्या पहाटेच्या अंधुक उजेडात पक्षी टिपणाऱ्यासाठी आहेत, उन्हातले भोक मोजणाऱ्यासाठी नव्हेत. परवडणाऱ्या गटात सेलेस्ट्रॉनची अल्टिमा मालिका ६५, ८० आणि १०० मिमी अशा आकारांत आहे आणि तिच्यात तिरकी नेत्रिका मिळते. स्वबोनीच्या दुर्बिणी त्याहून साध्या. एकाच नमुन्याच्या दोन नगांत फरक निघतो, त्यामुळे हातात आलेला नगच पारखावा लागतो. परतीची मुदत असलेल्या ठिकाणाहून घ्यावे ते याचसाठी.

पारख करायला आपलेच वापरलेले लक्ष्य सोबत न्यावे. त्यावर काळ्यात पाच-सहा भोके असावीत, दोन एकमेकांना चिकटलेली. पुण्यातल्या बुधवार पेठेच्या गल्लीत ५० मीटर मोकळी नजर मिळणे कठीण. सत्तरएक पावलांवर एखादी भिंत सापडेल अशा जागी ते कार्ड लावावे. २० पटीवर फोकसचे चाक फिरवत जावे. चांगल्या स्कोपात भोकाची कड एका जागी झटकन उभी राहते आणि चाक जरा पुढे गेले की तितक्याच झटकन मोडते. हलक्या प्रतीच्या स्कोपात ती जागाच सापडत नाही. बोट पुढेमागे शोधत राहते आणि ‘आता दिसले’ असे मनाला समजवावे लागते. अशी समजूत घालावी लागली तर तो स्कोप परत ठेवावा. चिकटलेली दोन भोके इंग्रजी आठासारखी दिसली पाहिजेत. लांबट डाग दिसला तर तेही पुरेसे नाही. त्यापेक्षाही सोपा मार्ग म्हणजे सकाळी रेंजवर दुसऱ्याच्या स्कोपातून पाहायला मागणे. नेमबाज सहसा नाही म्हणत नाहीत.

भोके काळ्यात दिसत नाहीत याचा दोष दर वेळी दुर्बिणीचा नसतो. कार्डामागे काळपट फळी असेल तर काळ्यात काळे भोक शोधावे लागते. मागे फिका कागद चिकटवला की तोच स्कोप अचानक चांगला वाटू लागतो.

पुण्यात आकाशनिरीक्षणाची परंपरा जुनी आहे. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करते आहे. त्यामुळे बऱ्याच घरांत ६० किंवा ७० मिमीची एखादी खगोल दुर्बीण पडून असते. ती वापरता येते, पण एक खोच आहे. तिच्या ९० अंशांच्या आरशातून प्रतिमा उभी सुलट, पण डावी-उजवी उलटी दिसते. लक्ष्याला घड्याळाची तबकडी मानले तर नऊ वाजता लागलेली गोळी तीन वाजता दिसते, नेमबाज साइटचे क्लिक उलट्या बाजूला फिरवतो आणि ग्रुप, म्हणजे गोळ्यांचा पुंजका, आणखी बाहेर जातो. ४५ अंशांचा प्रतिमा सुलट करणारा लोलक बसवला की ही अडचण मिटते, आणि फार थोड्या खर्चात उत्तम स्कोप तयार होतो.

*वारा वाचणे.* तापलेल्या हवेच्या थरथरीला रेंजवर मिराज म्हणतात. स्कोपाचा फोकस लक्ष्याच्या किंचित अलीकडे आणला की ही थरथर लाटांसारखी दिसते. लाटा डावीकडून उजवीकडे वाहत असतील तर वारा तिकडे चालला आहे. सरळ वर उकळत असतील तर वारा पडला आहे किंवा गोळीच्या रेषेतच वाहतो आहे. साइटर, म्हणजे सुरुवातीच्या चाचणीच्या गोळ्या, मारताना जी लाट होती तीच पुन्हा येईपर्यंत थांबणे, हे प्रोनच्या खेळातले अर्धे कौशल्य आहे. त्यासाठीही कमी वर्धन आणि रुंद दृश्यक्षेत्रच उपयोगी पडते.

*निगा आणि जुनी दुर्बीण.* पुण्याच्या पावसाळ्यात कातडी किंवा कापडी पिशवीत बंद ठेवलेल्या भिंगांना बुरशी लागते. स्कोप सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. नायट्रोजन भरलेला, जलरोधक स्कोप आतून धुरकटत नाही, पण बाहेरच्या भिंगाची काळजी त्यालाही घ्यावी लागते. धूळ आधी ब्लोअरने उडवावी. शर्टाच्या टोकाने पुसल्यास रेंजवरची वाळू लेपावर ओरखडे पाडते. कवडीपाट आणि भिगवणला जाणाऱ्या पक्षिनिरीक्षकांकडून कधी कधी वापरलेला स्कोप निम्म्या खर्चात मिळतो. तो घेताना वस्तुभिंगाकडून टॉर्च मारावा आणि नेत्रिका काढून दुसऱ्या टोकाने आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले तर ती बुरशी असते, आणि ती आतल्या लोलकावर असेल तर साफसफाईचा खर्च स्कोपाच्या किमतीवर जातो.