स्ट्रॉबेरीची तोडणी, महाबळेश्वर-पाचगणी परिसरातील

सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वर, पाचगणी व भिलार परिसरातील मळ्यांत पर्यटकाने स्वतः फळे तोडून वजनावर विकत घेण्याची पद्धत. भारतातील स्ट्रॉबेरीच्या उत्पादनाचा बहुतांश वाटा याच परिसरातून येतो, असे सामान्यतः मानले जाते. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

लागवडीतील स्ट्रॉबेरी (फ्रॅगॅरिया × अनानासा, कुल रोझेसी) हा संकर आहे. ॲमेदे-फ्रांस्वा फ्रेझिये या फ्रेंच अभियंत्याने १७१४ मध्ये चिलीहून फ्रॅ. चिलोएन्सिस या मोठ्या फळांच्या जातीची रोपे फ्रान्सला नेली. ती मादीफुलांची असल्याने एकटी लावली असता फळत नसत. ब्रिटनी या फ्रान्सच्या वायव्येकडील प्रांतातील मळेकऱ्यांनी त्यांच्या शेजारी उत्तर अमेरिकेतील फ्रॅ. व्हर्जिनियाना लावली, तेव्हा ती भरघोस फळू लागली. हा संकर नेमका कोठे घडला, ब्रिटनीतच की युरोपातील अन्य बागांतही, याविषयी एकमत नाही. तो निरनिराळ्या ठिकाणी स्वतंत्रपणे घडला असणे अधिक संभवनीय वाटते. अंत्वान निकोला द्युशेन याने १७६६ मध्ये त्याचे संकरित मूळ मांडले. पुढे गुणसूत्रांच्या अभ्यासाने त्याला बळकटी आली : दोन्ही पूर्वज जाती अष्टगुणित (गुणसूत्रांचे आठ संच असलेल्या) असून प्रत्येकीत ५६ गुणसूत्रे आहेत.

महाबळेश्वरी हे पीक कधी आले, याविषयीही मतभेद आहेत. १८२८-२९ च्या सुमारास महाबळेश्वरी माल्कम पेठ ही वसाहत वसल्यावर इंग्रजांच्या बंगल्यांभोवती विलायती फळाफुलांच्या बागा उभ्या राहिल्या; स्ट्रॉबेरी त्यांतूनच आली, असे एक मत आहे. दुसरी परंपरा श्रेय देते ती येथील तुरुंगातील चिनी व मलायी कैद्यांना. हा तुरुंग साधारणतः १८३४ ते १८६४ या काळात होता व या कैद्यांनी बटाटे आणि विलायती भाज्या पिकवल्या. भाजीपाल्यापुरते हे श्रेय रास्तच आहे. स्ट्रॉबेरीची रोपे मात्र बंगल्यांच्या बागांतून शेतात उतरली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ती ऑस्ट्रेलियातून आणली गेली असे स्थानिक सांगतात. आजचे व्यापारी स्वरूप बरेच अलीकडचे असून स्वीट चार्ली, कॅमारोसा, विंटर डॉन, नाबिला अशा वाणांवर उभे आहे.

सुमारे १,३७० मी. उंची, थंड रात्री व पाण्याचा निचरा होणारी तांबडी जमीन पिकाला मानवते. मुसळधार पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, गादीवाफ्यांवर मल्चिंगचा (जमीन झाकण्याचा प्लॅस्टिकचा) कागद अंथरून रोपे लावतात व ठिबकाने पाणी देतात. फळ डिसेंबरच्या आगेमागे सुरू होते आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालते.

तोडणीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची बाब अशी, की स्ट्रॉबेरी झाडावरून काढल्यावर पिकत नाही. आंबा किंवा केळे काढल्यावर अढीत पिकते. स्ट्रॉबेरीचा रंग काढणीनंतर थोडा गडद होतो, पण साखर वाढत नाही. मुंबई-पुण्यास जाणारा माल वाटेत टिकावा म्हणून काहीसा आधीच तोडावा लागतो. त्यामुळे देठाशी पांढरट राहिलेले पनेटमधले (विक्रीच्या छोट्या डबीतले) फळ आणि टोकापासून देठापर्यंत लाल झालेले मळ्यातले फळ यांच्या गोडीत मोठा फरक पडतो. या पद्धतीचे खरे समर्थन याच फरकात आहे. मळ्यात छायाचित्रे काढण्याच्या हौसेला त्या मानाने फाजील महत्त्व मिळते.

फळ ओढायचे नसते. अंगठ्याचे नख आणि तर्जनी यांच्यात देठ धरून, फळाच्या वर बोटभर अंतरावर तो खुडतात. हिरवी टोपी फळावर राहिली पाहिजे. ओढल्यास टोपी निघते, फळाला जखम होते आणि ते संध्याकाळपर्यंत पाणी सोडते. पानाआड दडलेली फळे बहुधा अधिक पिकलेली असतात, म्हणून पाने हाताने बाजूला सारून पाहावे. वाफ्यावर पाय पडू देऊ नये, सऱ्यांतून चालावे. पहाटेचा गारवा असेपर्यंत तोडलेले फळ अधिक टिकते. मजुरांचा तोडाही त्याच वेळी चालतो. फळे खाण्याच्या वेळीच धुवावीत, कारण ओल्या फळाला बुरशी लवकर लागते. वनस्पतिशास्त्रानुसार ज्याला आपण गर म्हणतो ते फुगलेले पुष्पासन (फुलाचे भाग ज्यावर बसलेले असतात ते देठाचे टोक) असून खरी फळे म्हणजे पृष्ठभागावरील बारीक ‘बिया’ होत.

भिलार (२०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’) आणि पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यालगतच्या मळ्यांतून ही सोय आढळते; दर हंगामानुसार बदलतात. पाचगणीजवळ ईस्टरच्या सुमारास स्ट्रॉबेरी महोत्सव भरतो. याच परिसरात तुतीचीही लागवड होते. घाटातील करवंदे मात्र रानची. ती एप्रिल-मेमध्ये पिकतात व जाळीतून खुडून द्रोणांत विकली जातात.