सिटिझनशिप नाकारली अन् व्हिसा कॅन्सल झाला, ट्रायब्युनल एकच पण गोष्टी दोन

ऑस्ट्रेलियात सिटिझनशिप नाकारल्याचं पत्र आलं की आपली माणसं थेट सामान बांधायच्याच गोष्टी करायला लागतात. अहो, तुमचा पीआर, म्हणजे कायम राहायचा व्हिसा, आहे तिथेच आहे, नोकरी चालू, भारतीय पासपोर्ट पण हातात. व्हिसा कॅन्सल होणं हे प्रकरण वेगळं, त्यात असलेलंच जातं अन् डिटेन्शनची, म्हणजे इमिग्रेशनच्या कोठडीत राहायची, वेळ येते. घोळ होतो कारण दोन्हीची दाद बहुतेक वेळा एकाच ठिकाणी मागायची, एआरटीकडे, म्हणजे सरकारी निर्णय परत तपासणारं, १४ ऑक्टोबर २०२४ ला जुन्या एएटीच्या जागी आलेलं ट्रायब्युनल.

सिटिझनशिपला निर्णय कळल्यापासून २८ दिवस मिळतात, उशीर झालाच तर कारण देऊन मुदत वाढवून मागता येते. पण नकार कशावरून आलाय ते आधी बघा. अर्जाआधीच्या शेवटच्या वर्षात ९० दिवसांपेक्षा जास्त बाहेर राहून चालत नाही, अन् समजा आई आजारी म्हणून तुम्ही साताऱ्यात चार महिने काढले, तर ट्रायब्युनलला कितीही वाईट वाटलं तरी दिवस कमी ते कमीच, सवलती मोजक्या आहेत अन् हे कारण त्यात बसत नाही. अशा वेळी दिवस भरून परत अर्ज टाकलेला बरा. चारित्र्यावरून नाकारलं असेल तर मात्र लढायला जागा असते.

आता मायग्रेशन ॲक्टचं सेक्शन ५०१, म्हणजे चारित्र्यावरून व्हिसा रद्द. इथे फक्त ९ दिवस, तेही कॅलेंडरचे, शनिवार-रविवार धरून, आणि मुदतवाढ नाही म्हणजे नाही. १२ महिने किंवा जास्त शिक्षा होऊन माणूस आत असेल तर व्हिसा आपोआप रद्द करावाच लागतो, मग आधी २८ दिवसांत इमिग्रेशन डिपार्टमेंटला तो निर्णय मागे घ्या अशी विनंती करायची, तिथे नाही म्हणाले की मग ९ दिवसांत एआरटी. त्यात सगळ्यात वाईट नियम कागदांचा. बायकोचं पत्र, पोराच्या शाळेचा दाखला, जे काही असेल ते सुनावणीच्या किमान दोन कामाचे दिवस आधी लेखी पोचलं नाही तर ट्रायब्युनल ते बघूच शकत नाही. वर ८४ दिवसांत निकाल लागला नाही तर मूळ निर्णय कायम झाला असं धरतात!

आणि मंत्र्यांनी स्वतः सही करून व्हिसा रद्द केला असेल तर एआरटीचा रस्ताच बंद, थेट फेडरल कोर्ट, अन् कोर्ट फक्त निर्णय कायद्यात बसतो का एवढंच बघतं. व्हिसा दुसऱ्या कुठल्या कारणाने गेला असेल तर मुदत वेगळी, पत्रात लिहिलेली असते, पत्र आलं त्याच दिवशी ती शोधा.