मनगट मोडलं तेव्हाच कळायला हवं होतं

रात्री बाथरूमला जाताना तोल जातो आणि आजी कुशीवर पडतात. उठता येत नाही. डॉक्टर चादर बाजूला करतात, तर एक पाय दुसऱ्यापेक्षा आखूड दिसतो आणि पाऊल बाहेरच्या बाजूला वळलेलं. एक्स-रेच्या आधीच अंदाज येतो, खुबा मोडलाय.

घरचे म्हणतात, पडल्यामुळे मोडला. पण नुसतं उभ्याउभ्या पडून धडधाकट हाड सहसा मोडत नाही. आत तयारी कित्येक वर्षं चाललेली असते.

हाड जिवंत असतं. जुनं कुरतडणाऱ्या आणि नवं रचणाऱ्या पेशी त्यात जन्मभर राबतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण १० टक्के भाग दरवर्षी नवा होतो. तिशीपर्यंत जमा जास्त, पुढे खर्च. पाळी थांबली की इस्ट्रोजेन घटतं आणि कुरतडणाऱ्या पेशी मोकाट सुटतात. आतली जाळी विरळ होत जाते. हाच ऑस्टिओपोरोसिस. पुरुषही सुटत नाहीत, विशेषतः दीर्घकाळ स्टिरॉइडच्या गोळ्या घेणारे. दुखत मात्र काहीच नाही.

खुबा नेमका कुठे मोडला यावर ऑपरेशन ठरतं. मांडीच्या हाडाच्या वरच्या गोळ्याला रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिन्या गोळ्याखालच्या निमुळत्या भागाला, म्हणजे हाडाच्या मानेला चिकटून वर चढतात. मान मोडून सरकली की त्याही तुटतात, आणि रक्ताविना गोळा मरायची भीती असते. म्हणून उतारवयात बहुधा तो काढून कृत्रिम गोळाच बसवतात. मानेच्या खाली मोडलं असेल तर रक्तपुरवठा शाबूत असतो. तिथे रॉड आणि स्क्रूवर भागतं.

‘या वयात कशाला ऑपरेशन?’ हा प्रश्न मायेपोटीच येतो, पण बहुतेकदा महागात पडतो. अंथरुणाला खिळलं की न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या, पाठीला जखमा. शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करणं, अशी घाई डॉक्टर उगाच करत नाहीत.

मग कुणाला तरी आठवतं, चार वर्षांपूर्वी हात टेकून पडल्या तेव्हा मनगट मोडलं होतं. प्लास्टर घातलं, निघालं, विषय संपला. तेव्हाच डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, व्हायला हवी होती. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता, उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस. आता खुबा असा मोडल्यावर निदानासाठी त्या आकड्याचीही वाट पाहावी लागत नाही. तरीही पुष्कळ जण नवा गोळा घेऊन घरी जातात, हाडं बळकट करणाऱ्या औषधाविना. दुसरा खुबा तेवढाच ठिसूळ असतो. टाके काढायला जाल तेव्हा त्याच्याबद्दल विचारा.