‘सेल्फ’ खोलण्याआधी: स्टार्टर मोटरची पार्श्वभूमी

इंजिन सुरू करणाऱ्या विजेच्या मोटरला गॅरेजमध्ये कुणी ‘स्टार्टर मोटर’ म्हणत नाही. सेल्फ उचलत नाही, सेल्फचे कार्बन (म्हणजे ब्रश) गेलेत, सेल्फ खोलावा लागेल, अशीच भाषा असते. ‘सेल्फ-स्टार्टर’ या जोडशब्दाचा हा उरलेला अर्धा भाग. पण तो शब्द रूढ झाला तेव्हा सगळे मोल या अर्ध्या भागालाच होते: गाडी आपली आपण सुरू होते, समोर उभे राहून तिला फिरवायला माणूस लागत नाही. सेल्फ तपासताना आणि त्याची ओव्हरहॉलिंग करताना आपण जे जे करतो, त्यातले बरेचसे कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीच्या तोडग्यातून आलेले आहे. ती अडचण कळली की तपासणीच्या पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत.

पेट्रोल असो वा डिझेल, इंजिनाला स्वतःहून पहिला फेरा घेता येत नाही. हवा आत ओढून ती दाबण्यासाठी आधी कुणीतरी क्रँकशाफ्ट, म्हणजे पिस्टन वरखाली करणारा इंजिनाचा मुख्य दांडा, फिरवावी लागते. सुरुवातीच्या मोटारींत हे काम माणसाचा हात करत असे. ठिणगी वेळेआधी पडली तर पिस्टन उलटा ढकलला जाई आणि लोखंडी हँडल तेवढ्याच जोरात मागे फिरून हातावर बसे. मनगटाजवळ रेडियस हाडाचे टोक मोडण्याच्या एका प्रकाराला डॉक्टर आजही ‘शोफर्स फ्रॅक्चर’ म्हणतात, ते याच हँडलमुळे. आपल्याकडे जीप, फियाट आणि अँबॅसिडरच्या काळापर्यंत हँडल गाडीतच असायचे. शिकवणारा सर्वांत आधी अंगठ्याबद्दल बजावायचा. अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ वळायची नाही. हँडल खालून वर ओढायचे, वरून खाली दाबायचे नाही. उलटा फटका आलाच तर हँडल हातातून निसटून जावे, एवढ्यासाठी.

हे काम विजेने करावे ही कल्पना नवी नव्हती. इंग्लंडमध्ये एच. जे. डाऊसिंग यांनी १८९६ मध्येच एका आर्नोल्ड मोटारीवर विजेचा स्टार्टर बसवला होता, आणि अमेरिकेत क्लाइड कोलमन यांना १९०३ मध्ये अशा योजनेचे पेटंट मिळाले होते. पण या योजना रोजच्या वापरात आल्या नाहीत. इंजिन फिरवायला केवढी मोटर आणि केवढी बॅटरी लागेल याचा हिशेब मांडला की दोन्ही गाडीत न मावण्याइतक्या मोठ्या निघत.

हा हिशेब मोडला चार्ल्स केटरिंग यांनी. ओहायोतल्या डेटन शहरात नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत असताना त्यांनी दुकानातला गल्ला विजेवर चालवला होता. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच लागते, म्हणून छोट्या मोटरवर तेवढ्यापुरता तिच्या ताकदीबाहेरचा भार टाकला तरी ती जळत नाही, कारण तापायला तिला वेळच मिळत नाही. पुढे केटरिंग आणि एडवर्ड डीड्स यांनी ‘डेल्को’ ही कंपनी काढली आणि हाच विचार मोटारीला लावला. कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलंड यांना असा स्टार्टर हवाच होता. त्यांचे स्नेही बायरन कार्टर हँडलच्या फटक्याने जखमी होऊन १९०८ मध्ये वारले, आणि त्या धक्क्यातून लेलंड यांनी हे काम मनावर घेतले, अशी कथा सांगतात. तिच्या तपशिलांबद्दल इतिहासकारांत मतभेद आहेत. कॅडिलॅकच्या १९१२ च्या मॉडेलवर डेल्कोचा स्टार्टर नेहमीचा भाग म्हणून आला, हे मात्र निर्विवाद. तोवर शहरांत विजेच्या मोटारींना चांगली मागणी होती, कारण त्यांना हँडल मारावे लागत नसे. सेल्फने तो फायदा काढून घेतला. स्वस्त गाड्यांपर्यंत पोहोचायला त्याला वेळ लागला. फोर्डच्या मॉडेल टीला तो १९१९ मध्ये मिळाला, तोही जादा पैसे मोजून.

सेल्फ दुरुस्त करणाऱ्याने केटरिंग यांची ही गोष्ट मनात पक्की ठेवावी, असे मला कळकळीने वाटते. सेल्फ ही सतत चालण्यासाठी बनवलेली मोटरच नाही. क्षणभर सोसेल तेवढाच भार, हा तिचा पायाच आहे. छोट्या पेट्रोल गाडीतही ती शंभर-दोनशे अँपिअर ओढते. म्हणून दहा सेकंदांत इंजिन लागले नाही तर चावी सोडावी आणि थोडे थांबावे. इंधन येत नसताना सेल्फ मारत राहणारे लोक आर्मेचरचे (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाचे) जोड वितळवतात, आणि मग दोष सेल्फच्या माथी येतो.

एवढा प्रवाह वाहून न्यायचा म्हणून जुन्या सेल्फची फिल्ड कॉइल (आर्मेचरभोवती चुंबकीय क्षेत्र तयार करणारी स्थिर गुंडाळी) बारीक तारेची नसून तांब्याच्या जाड पट्टीची असते, आणि फिरत्या आर्मेचरला वीज पोहोचवणाऱ्या ब्रशमध्येही नुसता कार्बन नसून तांबे मिसळलेले असते. फिल्ड आणि आर्मेचर सिरीजमध्ये जोडलेले असतात, त्यामुळे मोटर जागची हलत नसते नेमका तेव्हाच तिचा जोर सर्वांत जास्त असतो. इंजिनाला पहिला धक्का द्यायला तोच हवा. तपासणी बॅटरीपासून सुरू करायची तीही याच प्रवाहामुळे. पूर्ण चार्ज असलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. सेल्फ मारताना ती ९.६ च्या खाली घसरली तर सेल्फ काढण्याची घाई करू नये. दोनशे अँपिअरच्या वाटेत टर्मिनलवरचा थोडासा गंजही पुरेसा अडथळा ठरतो. अर्थची, म्हणजे बॅटरीला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी, पट्टी सैल असेल तर चांगला सेल्फही मेल्यासारखा वागतो. सेल्फ खोलून पैसे घेतले आणि दोष अर्थचा निघाला, असे ग्राहकाबाबत कधीच होऊ नये.

मोटर तयार झाली, पण ती इंजिनाला जोडायची कशी आणि इंजिन सुरू झाल्यावर सोडवायची कशी? सेल्फचा पिनियन, म्हणजे छोटे दातेरी चाक, इंजिनाच्या फ्लायव्हील या जड चाकावरच्या मोठ्या दातेरी रिंगला फिरवतो, आणि दोघांच्या दात्यांचे प्रमाण साधारण एकास दहा ते पंधरा असते. इंजिन लागल्यावर पिनियन अडकून राहिला तर उलट इंजिनच सेल्फला त्या पटीने फिरवेल आणि आर्मेचरची वाइंडिंग बाहेर फेकली जाईल. व्हिन्सेंट बेंडिक्स यांनी पिनियन आट्यांच्या शाफ्टवर बसवला. मोटर झटक्यात फिरली की जड पिनियन मागे राहतो, आट्यांवरून सरकत रिंगमध्ये जातो. इंजिन वेग घेते तेव्हा उलटा सरकून बाहेर पडतो. १९१४ पासून शेवरोले गाड्यांत ही योजना आली. आज गाडीत ती बहुधा नसते, पण गॅरेजमध्ये पिनियनच्या जोडणीला अजूनही ‘बेंडिक्स’च म्हणतात. त्या जुन्या प्रकाराला तेल लावायचे नसते. तेलावर क्लचची धूळ बसते आणि पिनियन आट्यांतच रुततो, म्हणून केरोसिनने धुऊन कोरडाच बसवायचा.

बेंडिक्सचा पिनियन फिरत फिरत रिंगवर आदळायचा आणि दाते खायचा. त्यावर उपाय म्हणून आधी पिनियन रिंगमध्ये ढकलायचा आणि मगच मोटरला पूर्ण वीज द्यायची, ही पद्धत आली, आणि तिच्याबरोबर सेल्फच्या डोक्यावरचा सोलेनॉइड, म्हणजे पिनियन ढकलून मोटरची वीज जोडणारा विद्युतचुंबक. त्याआधी जाड केबल थेट स्विचपर्यंत न्यावी लागे. युद्धकाळातल्या विलीज जीपमध्ये म्हणूनच पायाने दाबायचा स्टार्टर होता. इग्निशनची चावी फिरवून सेल्फ मारण्याची सोय क्रायस्लरने १९४९ मध्ये दिली.

सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात, एक ओढणारी आणि एक धरून ठेवणारी. संपर्क जुळला की पहिली आपोआप निकामी होते आणि दुसरी एकटी पिनियन धरते. हे कळले की आवाजावरून दोष ओळखता येतो. ‘कटकटकट’ ऐकू आले तर बॅटरी उतरलेली आहे किंवा धरणारी गुंडाळी तुटलेली. एकच ‘टक्’ होऊन शांतता पसरली तर आतले तांब्याचे संपर्क जळलेले असण्याची शक्यता मोठी. मोटर नुसतीच घरघर फिरते आणि इंजिन हलत नाही, तर पिनियनबरोबरचा, एकाच दिशेने पकडणारा क्लच घसरतो आहे.

बेंचवरची रीतही तशीच जुनी. टेस्ट लॅम्पची एक वायर शाफ्टला, दुसरी कम्युटेटरच्या (ब्रश ज्यावर टेकतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या वर्तुळाच्या) पट्टीला. दिवा लागला तर आर्मेचर अर्थ झाले, म्हणजे त्याची गुंडाळी लोखंडाला टेकली. ग्रोलरवर, म्हणजे आर्मेचर तपासायच्या विद्युतचुंबकावर, आर्मेचर ठेवून वर हॅकसॉचे पाते धरायचे. पाते थरथरले तर त्या खाचेतली कॉइल शॉर्ट आहे. कम्युटेटर लेथवर साफ केल्यावर, त्या सेल्फच्या सूचनेत तसे सांगितलेले असेल तर, तांब्याच्या पट्ट्यांमधला मायका (अभ्रक) खाली कोरावा लागतो, नाहीतर तांबे झिजले की मायका वर येतो आणि ब्रश उड्या मारतात. शाफ्टला आधार देणारे नवे सच्छिद्र बुश बसवण्याआधी चोवीस तास पातळ इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवावेत, असे ल्युकास या ब्रिटिश कंपनीच्या जुन्या सूचना सांगतात. कामाच्या गर्दीत नेमकी हीच पायरी गाळली जाते. मग कोरडा बुश झिजतो, आर्मेचर खाली बसून पोलला घासते, आणि नवे ब्रश घातलेला सेल्फ काही महिन्यांत परत बेंचवर येतो.

भारतात ल्युकासची रचना मद्रासच्या ल्युकास-टीव्हीएसमधून १९६१ पासून घरोघरच्या गाड्यांत पोहोचली. नंतर सेल्फ लहान होत गेला. क्रायस्लरने १९६२ मध्ये आत गिअर घालून छोट्या, वेगवान मोटरकडून तेच काम करून घेतले. पुढे फिल्ड कॉइलच गेली आणि तिच्या जागी कायमचे चुंबक आले. इथे एक जुनी सवय मोडायला हवी. ब्रश अडकलेल्या सेल्फवर हातोडीची हलकी थाप मारली की तो लागायचा, पण चुंबकाच्या सेल्फवर तीच थाप चुंबकाला तडा देते.

केटरिंग यांच्या १९१२ च्या यंत्रात स्टार्टर आणि डायनामो एकच होते. मधली कित्येक दशके बहुतेक गाड्यांत ते वेगळे राहिले आणि आता पुन्हा एकत्र येत आहेत. मारुतीच्या सियाझमध्ये २०१५ मध्ये आलेली पट्ट्यावरची मोटर ही दोन्ही कामे करते, आणि २०२० च्या ॲक्टिव्हा ६जीमध्ये इंजिनाच्या टोकावरचा जनरेटरच इंजिन फिरवतो. त्या ॲक्टिव्हात ना ब्रश आहेत, ना बेंडिक्स, ना ग्रोलरवर ठेवायला आर्मेचर. ती ‘सेल्फ लागत नाही’ म्हणून दुकानात आली, तर बॅटरी आणि अर्थ पाहून झाल्यावर मिस्त्रीला वायरिंग आणि कंट्रोलरकडे वळावे लागते.