गुरुजींचे ग्रुप कुठून आले?

जिल्हा परिषदेच्या कोणत्याही प्राथमिक शिक्षकाच्या मोबाइलमध्ये केंद्राचा, म्हणजे आसपासच्या दहाएक शाळांच्या गटाचा, ग्रुप असतो, तालुक्याचा असतो, संघटनेचा असतो, डी.एड.च्या बॅचचा असतो. शिवाय इयत्तेचा किंवा विषयाचा एखादा असतो, आणि तो बहुधा कुणी आदेश काढून केलेला नसतो. नोकरी करता करता शिकण्यासाठी सोशल मीडिया कसा वापरावा, याची चर्चा आपल्याकडे कंपन्यांपुरतीच होते. माझ्या मते महाराष्ट्रात हा प्रयोग सगळ्यात मोठ्या प्रमाणावर केला तो गावोगावच्या मराठी शाळांतील शिक्षकांनी. तो मोबाइलमुळे वाढला हे खरे; पण शिक्षकाने शिक्षकाकडून शिकायची सवय त्याच्या कितीतरी आधीची आहे.

शिक्षकांसाठीचे ‘शालापत्रक’ १८६१ मध्ये सुरू झाले. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजचे प्रमुख असलेले कृष्णशास्त्री चिपळूणकर आणि पुढे त्यांचे चिरंजीव विष्णुशास्त्री यांनी ते चालवले. १९३३ मध्ये ताराबाई मोडकांनी ‘शिक्षण पत्रिका’ मराठीत आणली आणि बालशिक्षणाचे प्रयोग दूरच्या शिक्षकांपर्यंत पोहोचू लागले. मासिकाची अडचण एवढीच, की वाचताना प्रश्न पडला तर विचारायचा कुणाला? पत्र पाठवा, उत्तराची वाट पाहा. तोवर तो धडा मागे पडलेला असायचा.

ही अडचण सगळ्यात जास्त भोगली ती द्विशिक्षकी शाळेने. दोन शिक्षक, चार किंवा पाच इयत्ता. त्यातला एक प्रशिक्षणाला, बैठकीला किंवा निवडणुकीच्या कामाला गेला, की दुसरा सगळे वर्ग एकट्याने सांभाळणार. हातच्याची वजाबाकी पोरांना का कळत नाही, हे बोलायला शेजारच्या खोलीत कुणी नाही. म्हणून १९९४ मध्ये राज्याने केंद्रप्रमुख हे पद निर्माण केले, ही मोठी गोष्ट होती. साधारण दहा शाळांचे एक केंद्र, आणि सगळ्या शिक्षकांना एकत्र आणणारे केंद्र संमेलन. पुढे त्याला शिक्षण परिषद म्हणू लागले. एखाद्याने नमुना पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी तो पाहायचा, मग चर्चा. चर्चेचा वेळ परिपत्रके वाचण्यात जाऊ लागला, ही तक्रारही तितकीच जुनी आहे. तरी शेजारच्या गावच्या बाईंनी मुळाक्षरांचा क्रम बदलून वाचन कसे सुरू केले, हे इथेच कानावर पडायचे.

खात्याची प्रशिक्षणे मात्र वरून खाली यायची. पुण्यात राज्यस्तरावर काही जण शिकणार, ते जिल्ह्याला शिकवणार, जिल्हा तालुक्याला, तालुका केंद्राला. शेवटच्या शिक्षकापर्यंत येईतो मूळ मुद्दा पातळ झालेला असायचा.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले, ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल अनुभवातून स्वतःच ज्ञान घडवते हा विचार, प्रत्येक बैठकीत आला. वर्गात नेमके काय करायचे, हे पुस्तकी व्याख्येवरून कळत नव्हते. याच काळात सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटचे, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याच्या देखरेखीखालच्या शाळांच्या विभागाचे, नाव झाले. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी वर्गाची मांडणीच बदलली होती. गट करून खाली बसलेली मुले, फरशीवर रंगवलेली संख्यारेषा, शब्दचक्र, वाक्यडोंगर, हाताळायला गणिताचे साहित्य. राज्यभरातले शिक्षक गाड्या करून तिथे जाऊ लागले. २२ जून २०१५ च्या शासन निर्णयाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम सुरू झाला आणि प्रत्येक मूल शिकलेच पाहिजे असा आग्रह धरला गेला. तेव्हा ‘तुम्ही हे कसं केलंत?’ हा प्रश्न एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ लागला.

स्वस्त अँड्रॉइड फोन नेमके याच वेळी शिक्षकांच्या हाती आले होते. काही शिक्षकांनी आधीच ब्लॉग काढून त्यावर कविता, चाचण्या, परिपत्रके टाकायला सुरुवात केली होती. व्हॉट्सअ‍ॅपने फोटो आणि प्रश्न एका ठिकाणी आणले. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि दोन मिनिटांचा व्हिडिओ पाठवतानाही डेटाचा विचार करावा लागेना.

दशकमाळेचे उदाहरण घेऊ. शंभर मण्यांची माळ, दहा मणी एका रंगाचे, पुढचे दहा दुसऱ्या रंगाचे. मुलाला सत्तेचाळीस दाखवायला सांगितले, तर ते एकेक मणी मोजत बसत नाही. दहाचे चार गट सरकवते आणि पुढचे सात मोजते. दशक म्हणजे काय, हे बोटांना कळते. अशा माळेचा फोटो ग्रुपवर आला, की पुढच्या आठवड्यात दुसऱ्या टोकाच्या तालुक्यात माळा तयार. पण कुणी एकाच रंगाचे मणी ओवले, तर माळ दिसायला तीच आणि उपयोग मात्र निम्माही नाही. रंग का बदलायचा, हे फोटोत दिसत नाही. ज्या ग्रुपमध्ये कुणीतरी हे विचारले आणि कुणीतरी सांगितले, तिथे शिकणे झाले. जिथे फक्त अंगठे आणि फुले आली, तिथे नक्कल झाली.

त्या दोन-तीन वर्षांत हेच मोठ्या प्रमाणावर घडले. कुमठ्याचा विचार काही ठिकाणी पोहोचला, बऱ्याच ठिकाणी नुसती रंगवलेली फरशी पोहोचली. लोकवर्गणी काढून वर्ग सजले, भिंती बोलक्या झाल्या, आणि मुले पूर्वीसारखीच फळ्यावरचे उतरवून घेत राहिली. याचा दोष शिक्षकांना देऊन चालणार नाही. वरून फोटो मागवले जात होते, म्हणून खालून फोटोच जात होते.

तांत्रिक मर्यादाही होत्याच. २०१६ च्या सुरुवातीपर्यंत व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये शंभर जणच मावत. मग ही मर्यादा २५६ झाली आणि २०२२ च्या अखेरीस १०२४. शेकडो शिक्षकांच्या तालुक्याला एक ग्रुप पुरेना, म्हणून एक, दोन, तीन असे क्रमांक पडले आणि एकाच प्रश्नाची चर्चा तीन जागी झाली. काही जण टेलिग्रामकडे वळले, तिथे फाइली तरी सापडतात म्हणून.

खरा बदल घडला तो ग्रुपमध्ये साहेब आल्यावर. शाळा आणि विद्यार्थ्यांची ऑनलाइन नोंद ठेवणाऱ्या सरल प्रणालीची माहिती, पोषण आहाराचे आकडे, ‘आज पाचपर्यंत लिंक भरा’, सगळे तिथेच येऊ लागले. निरोप लवकर पोहोचतो, यात वाद नाही. पण केंद्रप्रमुख आणि तालुक्याचे गटशिक्षणाधिकारी ज्या ग्रुपवर आहेत, तिथे ‘मला भागाकार शिकवायला जमत नाहीये’ असे लिहायची हिंमत कोण करणार? अडचण सांगितली की ती कमतरता म्हणून नोंदली जाईल, अशी भीती असते. म्हणून शिकण्याचे बोलणे हळूहळू बाजूच्या, अधिकारी नसलेल्या छोट्या ग्रुपमध्ये गेले. या सगळ्या इतिहासात मला हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि धोरण ठरवणाऱ्यांचे लक्ष तिच्याकडेच सगळ्यात कमी गेले.

दीक्षा हे सरकारी व्यासपीठ ५ सप्टेंबर २०१७ ला सुरू झाले होते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा एससीईआरटीने (राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने) ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ म्हणत रोजच्या अभ्यासाच्या लिंक पाठवायला सुरुवात केली. त्या व्हॉट्सअ‍ॅपनेच गावात पोहोचल्या. व्हिडिओ कापायचा कसा, गूगल फॉर्म करायचा कसा, गूगल मीटवर फळा दाखवायचा कसा, हे शिक्षकांनी बव्हंशी एकमेकांना विचारून जमवले. पालकांकडे फोनच नसेल तर काय, याचीही उत्तरे ग्रुपवरच शोधली गेली: ओसरीवर चार मुले बसवा, स्वाध्यायाचे कागद घरी पोहोचवा.

शाळा उघडल्या, लिंका मात्र थांबल्या नाहीत. सप्टेंबर २०२४ मध्ये प्राथमिक शिक्षकांच्या संघटनांनी संचमान्यतेचे (पटानुसार शाळेला किती शिक्षक मिळणार हे ठरवण्याचे) निकष आणि कमी पटाच्या शाळांवरील कंत्राटी नेमणुका यांविरुद्ध आंदोलन केले, तेव्हा प्रशासकीय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप सोडणे हा आंदोलनाचाच भाग होता. विषयांचे ग्रुप अजून चालू आहेत. त्यांत रोज पडणारे व्हिडिओ आणि खुलासे फोन बदलला की जातात, आणि नवा शिक्षक तोच भागाकाराचा प्रश्न पुन्हा विचारतो. शिक्षकांनीच निवडलेली, शोधता येईल अशी मराठी साठवण एखाद्या डाएटला (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेला) सहज उभी करता येईल. अट एकच, तिथे कुणाकडून अहवाल मागू नये.