चाकाचा जाम वेगळा, दांडीचा जाम वेगळा

पूर ओसरला की पंचगंगेकाठच्या मोटरघरांतून एकच वाक्य ऐकू येतं: "व्हॉल्व्ह जाम झालाय, पाइप अडकव आणि फिरव." कुठला व्हॉल्व्ह, हे कुणी विचारतच नाही. चाकाचा गेट असो की दांडीचा बॉल, जोर एकच. असे मोडलेले नग बघून जीव हळहळतो, म्हणून हे लिहितोय.

बॉल व्हॉल्व्ह घरोघरी आहे. दांडी पाइपाच्या रेषेत म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद. गेटला चाक, आणि उघडायला बरेच फेरे. एवढं सगळ्यांना ठाऊक आहे.

घोळ होतो तो 'जाम' या शब्दात. गेटच्या आत एक पाचर असते आणि ती चाकाला जोडलेल्या दांड्याच्या आट्यांवर वरखाली होते. ती दोन कारणांनी अडते. एक म्हणजे ग्लँडची, म्हणजे दांड्याभोवतीची गळती रोखणाऱ्या जागेतली, दोरी सुकून दांड्याला आवळते. लाइनीतलं पाणी काढून टाकून ग्लँडचा नट अर्धा फेरा सैल केला आणि चाक हललं, तर दुखणं तिथंच होतं. चढावरच्या लाइनीत मोटर बंद असली तरी दाब असतो, त्यामुळे आधी पाणी काढून टाकाच. नट सैल करूनही चाक दगडासारखं राहिलं, तर पाचर किंवा आटे गाळात धरलेत. पितळी छोट्या गेटमध्ये बहुधा दांडा वर येत नाही, म्हणजे आटे आतच असतात. वरून कितीही तेल ओता, तिथवर पोचत नाही. मग बोटभर उघडायचं, बोटभर मिटायचं, मधेमधे बॉडीवर लाकडी ठोकळ्यानं हलके ठोके द्यायचे. अर्धा तास लागला तर लागू दे.

शेजारच्या काकांना तेवढा धीर नव्हता. चाकात दोन हात लांब पाइप घातला, कट्ट आवाज आला, चाक गरगर फिरलं. "सुटला बघ!" म्हणाले. मोटर लावली तर उसाला थेंब नाही. मोटर उतरवून दुरुस्तीला नेली, पैसे गेले. शेवटी मी वरचं झाकण खोललं, तर पाचर खाली तशीच बसलेली आणि दांड्याचं टोक तुटलेलं.

बॉलमध्ये असे आटे नाहीत. आत भोक असलेला गोळा असतो, त्यावर क्षार चढतात आणि तो टेफ्लॉनच्या रिंगांमध्ये धरून बसतो. दांडीवर लावलेला सगळा जोर गोळा फिरवणाऱ्या दांड्याच्या बारीक मानेवर येतो. दांडीखालचा नट किंचित सैल करायचा, गरम पाण्याचं फडकं गुंडाळायचं आणि दांडी थोडी थोडी मागंपुढं करायची. ब्लो लँपची ज्योत लावणाऱ्या मिस्त्रीला मी हात जोडून थांबवतो. टेफ्लॉन २६० अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतं. त्याच्या फार पुढं तापलं तर विषारी वाफ निघते.

पाणी कमी करायला व्हॉल्व्ह अर्धवट उघडा ठेवायची सवय दोन्हींना मारते. पाचर थरथरून झिजते, बॉलची रिंग एका बाजूनं कापली जाते.

माझी पसंती सांगतो: नदीवरच्या मोठ्या लाइनीला गेट, घरच्या टाकीला बॉल. गेट पूर्ण उघडला की अर्धा फेरा परत फिरवून ठेवायचा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी जवळ आली की आपण मोटरी वर काढतो, पण व्हॉल्व्ह तिथंच बुडतात. पाणी उतरल्यावर मोटर बसवायची वाट न बघता आधी ते फिरवा, गाळ ओला आहे तोवर.